भांड्यांवरची नावं काढा

प्रति,
मनोरंजन समिती आणि मनुष्यबळ विभाग,
आमच्या कंपनीचा, आणि महिन्याला पॉटलक करणाऱ्या प्रत्येक ऑफिसचा

विषय : महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारचं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणून केलेलं एकत्र जेवण

स. न. वि. वि.

सोमवारी सकाळी सव्वानऊला ग्रुपवर यादी आली. स्टार्टर, मेन कोर्स, गोड, इतर असे चार रकाने, आणि 'गोड'पुढे माझं नाव आधीच घातलेलं. खाली टाळ्या आणि जिभल्या चाटणारे पिवळे चेहरे. मी फोन पालथा घातला, जीएसटीचे कागद पुढे ओढले, पण आकड्यांत लक्ष लागेना. मागच्या महिन्यातला मासवड्यांचा डबा डोळ्यांपुढून हलेना.

समितीतल्या तुम्हा सहाही जणांना मी रोज भेटते. तुमच्या मनात कुणाला दुखवायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. ऑफिसातली आणि शॉपफ्लोअरवरची माणसं महिन्यातून एकदा तरी एका टेबलाशी यावीत, एकमेकांना नावाने ओळखावीत, म्हणून तुम्ही हे सुरू केलंत. तरी हे पत्र तुमच्या टेबलावर गुपचूप न ठेवता मी उघड लिहितेय. सांगलीच्या, पुण्याच्या, नाशिकच्या मैत्रिणींकडून मी हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकली आहे, आणि प्रत्येकीने ती आवाज खाली आणून सांगितली आहे.

तो डबा आमच्याकडे डेटा एंट्रीला असलेल्या मुलीचा होता. कंत्राटी आहे, मूळची जुन्नरकडची, इथे एका खोलीत भाड्याने राहते. मासवडी कशी करतात हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. बेसन शिजवून घट्ट घोटायचं आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. हात भाजतात. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच वळकटी करायची, बोटांनी दाबून तिला माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. रस्सा वेगळा. नाव तसं असलं तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी. एका शेगडीवर हे सगळं करायला ती पहाटे चारला उठली होती.

तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर तिने 'मासवडी' लिहिलं, पुढे 'शुद्ध शाकाहारी' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्याखाली तिचं नाव आणि आडनाव, कारण 'बेस्ट डिश'चं मत टाकायचं तर डबा कुणाचा ते कळायला हवं, असं तुमचंच म्हणणं होतं.

रांग सरकत होती. पहिलीने चिठ्ठी वाचली, चमचा उचलला, परत ठेवला आणि म्हणाली, 'आज माझा उपास.' तिच्या ताटात ढोकळ्याचे दोन तुकडे होते. दुसरी म्हणाली, 'पोट भरलं बाई.' तिने अजून घासही घेतला नव्हता. तिसरा काही न बोलता पुढच्या पुलावाकडे गेला. चौथी मी. पुढच्या तिघांनी घेतलं नाही म्हणून माझाही हात पुढे झाला नाही. मला उपास नव्हता आणि भूक चांगली लागली होती. जातपात मानत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलेय, आणि नेमक्या त्या क्षणी मी रांगेबरोबर सरकले. हे लिहिताना लाज वाटते. पण हे लपवलं तर बाकीचं लिहायचा मला अधिकार राहत नाही.

टेबलं आवरताना मी मोजल्या. तीसपैकी सत्तावीस वड्या तशाच होत्या. तिने स्टीलच्या डब्याचं झाकण बसवलं आणि कडी लावताना वर तळवा दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'ताई, मीठ जास्त झालं असेल ना?'

चव आम्ही बहुतेकांनी बघितलीच नव्हती.

या महिन्याच्या यादीत तिने स्वतःहून नाव बदलून घेतलंय. 'इतर'मध्ये. पेपर प्लेट आणि टिश्यू.

तुम्ही म्हणाल, मग तिने तक्रार का केली नाही? करणार तरी कशाची? कुणी वाकडं बोललं नाही, कुणी तिचं भांडं बाजूला सारलं नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणं हा गुन्हा ठरवला, पण खाली ठेवलेला चमचा कुठल्या कलमात बसवायचा? आणि बसवूही नये. कुणी कुणाच्या हातचं खावं हे पोलिसांनी ठरवावं असं मला मुळीच वाटत नाही. पण टेबल कसं मांडायचं हे तर तुम्हीच ठरवता. आडनावाची चिठ्ठी तुम्ही छापलीत, मतपेटी तुम्ही ठेवलीत, आणि आपल्या डब्याशेजारी उभं राहून सगळ्यांना वाढायचं हा नियमही तुमचाच. चारचौघांत एकेकाचा मान पणाला लावायची व्यवस्था तुमच्या हातून झाली, नकळत का होईना. तिथे मान गेला तो जिच्या पदरी या ऑफिसात सगळ्यांत कमी आहे तिचा.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना गंगाराम कांबळ्यांची आठवण येणारच. शाहू महाराजांच्या पागेत ते नोकरीला होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून सोबत काम करणाऱ्यांनीच त्यांना बेदम मारलं. म्हणजे तीही कामाच्या जागेवरचीच गोष्ट, पाण्याची आणि सहकाऱ्यांची. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतःचा धंदा काढ म्हणून त्यांनी गंगारामना बळ दिलं आणि भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. गिऱ्हाईक फिरकेना. चहा कसा आहे हा प्रश्नच नव्हता, मालक कोण ते गावाला ठाऊक होतं. मग महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, त्या हॉटेलापुढे थांबू लागला. महाराज तिथला चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे.

शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला दिसला तो महाराजांच्या मनाचा मोठेपणा. आता सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांची हुशारी दिसते. त्यांनी गंगारामना वाड्यावर बोलावून सरदारांच्या रांगेपुढे किटली घेऊन उभं केलं नाही, 'बघू कोण घेतं' म्हणून. ते स्वतः तिथे गेले, स्वतः प्यायले. पणाला लागली ती छत्रपतींची पत, जिला धक्का लागणार नव्हता. आमच्याकडे याच्या अगदी उलट घडतं. साहेबांचं ताट वाढून केबिनमध्ये जातं, आणि बारा हजारांवर राबणारी मुलगी डब्यापाशी उभी राहून बघते, कोण घेतं आणि कोण पुढे जातं.

जात हा यातला सगळ्यांत खोल काटा आहे, पण रुतणारं तेवढंच नाही.

यादीतले रकाने एकदा नीट वाचा. 'मेन कोर्स' आणि 'गोड'मध्ये सतरा नावं आहेत, त्यातली पंधरा बायकांची. पुरुष मंडळींकडे वेफर्स, कोल्ड्रिंक, पाण्याच्या बाटल्या. मी गव्हाची खीर करते. सगळे ती आवडीने खातात, आणि आवडीने खाल्लेलं मलाही आवडतं, हे आधी सांगते. पण गहू आदल्या दिवशी भिजवायचे, कांडायचे, शिजत ठेवून रात्री दोनदा उठून ढवळायचे. सकाळी सासूबाईंचं पथ्याचं, मुलांचे डबे, मग सात पन्नासच्या बसला मांडीवर पातेलं धरून बसायचं. गूळ, खोबरं, वेलदोडे, सुकामेवा धरून सहाशे रुपये जातात. मला ते झेपतात. ज्यांचा पगार महिन्याच्या पंचवीस तारखेलाच संपलेला असतो, त्यांना शेवटच्या शुक्रवारी तीस माणसांना पुरेल असं काही आणायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार समितीत कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

आणि शुक्रवारी दुपारी एकच का? आमच्या क्वालिटीतल्या दोन भाईंची जुम्म्याची नमाज असते तेव्हा. परत येईपर्यंत भांड्यांच्या तळाला लागलेलं तेवढं उरतं. रमजानात तर ते तासभर गेटजवळ बसून राहतात, कारण टेबलाशी थांबलं की जो तो 'थोडं तरी घ्या' म्हणतो. नाही म्हटलं की कारण विचारायची आपल्याला सवय आहे. त्यात प्रेम असतं, मला ते कळतं. पण कारण सांगायचं म्हणजे कुणाला आपली साखर सांगावी लागते, कुणाला आपला धर्म. एकीला तर तिसरा महिना लागायच्या आधीच गोड बातमी सांगून टाकावी लागली, पपईचा हलवा का खात नाहीस म्हणून तिघी तिच्या मागे लागल्या होत्या.

'फक्त व्हेज'च्या नियमाबद्दलही बोलते, कारण तो कसा आला ते मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी अंडा करीची पळी बटाट्याच्या भाजीत घातली आणि आमचे एक जैन सहकारी अर्ध्या ताटावरून उठले. त्यांचं उठणं रास्त होतं. मांसाहाराची पळी आपल्या भाजीला लागू नये, हे मागणं कुणाचाही अपमान करत नाही. त्यावर उपाय होता वेगळी पळी आणि टेबलाचं वेगळं टोक. तुम्ही नियमच काढलात, आणि पुढच्याच आठवड्यात मायक्रोवेव्हवर चिठ्ठी लागली : मासळी गरम करू नये. आमचे स्टोअरमधले दादा रत्नागिरीचे आहेत. त्या दिवसापासून ते सुकटीचा डबा घेऊन टू-व्हीलर स्टँडच्या पत्र्याखाली जातात आणि थंडच खातात. ज्या जैन सहकाऱ्यांचं निमित्त झालं, त्यांनीच मला सांगितलं, 'मी असं काही मागितलं नव्हतं हो.' ते दादांशी पूर्वीसारखं बोलू शकत नाहीत याची त्यांना खंत आहे. नियमाने दोघांचंही नुकसान केलं.

मावशींचं राहिलं. टेबलं त्या लावतात, सांडलेलं त्या पुसतात, भांडी त्या विसळतात. त्यांना ताट मिळतं ते सगळं संपल्यावर, आणि तेही 'मावशी, उरलंय ते घेऊन जा' असं. गावच्या पंगतीत वाढपी शेवटी जेवतात, हे मीही बघत वाढले. पण तिथे वाढप्यांची पंगत बसते. पानं मांडली जातात, यजमान स्वतः उभा राहून वाढतो, जिलबीचा आग्रह त्यांनाही होतो. आमच्या मावशी पॅन्ट्रीच्या ओट्याशी उभ्याने खातात.

१९४८ चा कारखाना कायदा करणाऱ्यांनी अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे उपाहारगृह आणि दीडशेच्या वर असतील तिथे जेवणाची खोली मागितली. कामगारांनी आपापलं आणलेलं जेवण बसून खाता येईल अशी खोली, प्यायच्या पाण्यासह. मला ती भाषा फार शहाणपणाची वाटते. बसायला जागा आणि पाणी देणं हे मालकाचं काम. डबा ज्याचा त्याचा, तो कुणी उघडून दाखवायचा नाही आणि त्याला नंबरही द्यायचा नाही.

अहो, आम्ही पाचजणी रोज एक वाजता एकत्र जेवतोच की. तिथे वाटणं होतं. माझा ठेचा एकीच्या भाकरीवर जातो, तिची मेथी माझ्या डब्यात येते. पण पहिलं वर्षभर प्रत्येकीने आपापलंच खाल्लं होतं. मग कधीतरी एकीने लोणच्याची फोड पुढे केली, कधी एकीचा डबा घरी राहिला तेव्हा चौघींनी घास-घास काढून दिला. असं होत होत ते आलं. वर्षभर लागणारी ही गोष्ट यादी टाकून शुक्रवारी एक ते दोनमध्ये होईल, असं तुम्हाला कसं वाटलं?

एकदा मात्र ती एका रात्रीत झाली होती, आणि त्या रात्री तुमच्यातलेही दोघे हजर होते. ३१ मार्च. रात्रीचे साडेदहा, स्टॉकचा ताळा लागेना, बाहेरून मागवलेलं जेवण आलंच नाही. कुणाच्या तरी खणात जयसिंगपुरी भडंगाची पिशवी निघाली. दादांनी स्टोअरमधून जुने पेपर आणून टेबलावर पसरले. मावशी थांबल्या होत्या, त्यांच्या पिशवीत संध्याकाळच्या बाजारातले कांदे आणि लिंबू होतं. साहेबांनी कोट खुर्चीला टांगला आणि पेपर कापायच्या सुरीने कांदा चिरला, जाडजूड, वेडावाकडा. जैन सहकाऱ्यांसाठी कांदा घालायच्या आधी एक ढीग वेगळा काढला, तोही त्याच पेपरवर, हातभर अंतरावर. त्या मुलीला कामाला लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. तिने फुटाणे आणि शेंगदाणे आणले कुठूनसे, हातानेच सगळं कालवलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच ढिगातून खाल्लं. ते कुणाच्या हातचं आहे हे एकालाही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सांगता आलं नसतं.

वारकऱ्यांच्या काल्यात हेच असतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, कुणाच्या घरचे पोहे, कुणाचं दही, कुणाच्या लाह्या, कुणाचं लोणचं एका भांड्यात पडतं आणि हाताने एक होतं. गोपाळांच्या शिदोऱ्या कृष्णाने अशाच एकत्र केल्या, असं आपण मानतो. शिदोरी एकदा काल्यात पडली की तिच्यावरचं नाव जातं. ज्यांनी ही रीत घातली त्यांना माणसं चांगली माहीत होती. भांडी वेगवेगळी ठेवली तर लोक निवड करणार, आणि निवडीत कुणीतरी मागे राहणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

म्हणून माझं मागणं आहे. घरून करून आणायची यादी बंद करा. महिन्याला एकदा एकत्र खायचं तर खर्च कंपनीने करावा. भेळ करा, मिसळ मागवा, हवं तर तिथेच सगळ्यांनी मिळून कांदा चिरावा. कुणाला घरून आणावंसं वाटलं तर आणेल, न आणणाऱ्याला कुणी विचारू नये आणि न खाणाऱ्यालाही नाही. 'बेस्ट डिश'ची मतपेटी कायमची उचला. चिठ्ठीवर कुणी केलं ते नको, आत काय आहे ते लिहा : कांदा, लसूण, शेंगदाणा, अंडं. ते कळणं गरजेचं आहे, कुणाला व्रत असतं, कुणाला शेंगदाण्याने अंगावर उठतं. मांसाहार असू द्या, पळी वेगळी ठेवा, आणि मायक्रोवेव्हवरची ती चिठ्ठी काढा. हवं तर बाजूला दुसरा मायक्रोवेव्ह आणा, आमच्या एका पॉटलकच्या खर्चात तो येईल. वार बदला. मावशी, वॉचमनकाका, कँटीनचा पोरगा आमच्याच रांगेत उभे राहू देत. आणि साहेबांचं ताट केबिनमध्ये पाठवू नका. त्यांनी रांगेत यावं, जमल्यास पुढे.

'गोड'पुढचं माझं नाव मी आज सकाळी खोडलं आहे. यामुळे चार जण नाराज होतील, एक-दोघी बोलायच्या थांबतील, ते मी धरून चालले आहे.

येत्या रविवारी मी त्या मुलीच्या खोलीवर जाणार आहे, मासवडी शिकायला आणि खायला. हे पत्र तिला आधी वाचून दाखवलं आणि तिने हो म्हटल्यावरच इथे दिलं आहे. रविवारचं विचारलं तेव्हा ती आधी 'कशाला ताई' म्हणाली. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, 'येताना एक सुती फडकं घेऊन या. माझ्याकडे एकच आहे.'

आपली,
लेखा विभागातील एक कर्मचारी
कोल्हापूर